बटाट्याचें क्षेत्र उकिरड्यावरून ठरवावें

नगदी पिकाचा बेत करणारा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. विहिरीस पाणी किती, वीज किती तास मिळते, पाट येतो कीं नाहीं, एवढ्या गोष्टींचा विचार झाला म्हणजे बटाट्याचें क्षेत्र ठरतें व बेण्याची मागणी नोंदविली जाते. खत किती आहे हा प्रश्न शेवटीं येतो. कित्येक घरीं तर तो येतच नाहीं, कारण खत म्हणजे दुकानांतून गोणीनें आणावयाचा जिन्नस, अशी समजूत दृढ झाली आहे. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ सालापर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत त्या जिल्ह्यांत, ज्यास बटाटा लावावयाचा असेल त्यानें आधीं आपला उकिरडा मोजावा, आणि उकिरडा जितक्या जमिनीस पुरेल तितक्याच जमिनींत बटाटा लावावा. असें कां, हें येथें हिशेबानिशीं दाखविण्याचें योजिलें आहे.

बटाटा आणि आपली जमीन

बटाटा हा मूळचा आपल्या देशाचा नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या थंड पठारांवर त्याची जन्मभूमि. पोर्तुगीज लोकांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर आला व नांवही त्यांच्याच भाषेंतलें घेऊन आला. आपल्या शेजारच्या पुणें जिल्ह्यांत खेड, आंबेगांव व जुन्नर या तालुक्यांनीं हें पीक फार वर्षांपासून आपलेंसें केलें आहे. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी यांनीं १९२० सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील बटाटा लागवडीवर एक विस्तृत पुस्तिकाच मुंबई शेतकी खात्यातर्फें प्रसिद्ध केली होती. आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठार आजही खरीप बटाट्यासाठीं प्रसिद्ध आहे, आणि मंचरच्या बाजारांत उत्तरेकडील बेणें येतें. जुन्नरास लागून असलेल्या आपल्या पारनेर, संगमनेर व अकोले तालुक्यांतील शेतकऱ्यांस हें सर्व डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळें त्यांच्या मनांत या पिकाविषयीं ओढ असावी हें स्वाभाविक आहे.

परंतु शेजाऱ्याचें पीक आणतांना शेजाऱ्याची जमीन व पाऊस आणतां येत नाहीं. अकोल्याचा घाटालगतचा भाग सोडला तर आपल्या जिल्ह्यांत पाऊस साधारण साडेपांचशे ते सहाशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. येथें बटाटा बहुतेक ठिकाणीं रब्बींत व ओलिताखालीं घ्यावा लागतो. जमीन दोन तऱ्हेची. नदीकांठची व सपाटीची जमीन काळी, चिकण, चुनखडीची. माळावरची हलकी, मुरमाड. काळी जमीन ओली असतां फुगते आणि वाळली म्हणजे भेगाळते. मुरमाड जमिनींत पाणी ठरत नाहीं. या दोन्ही गोष्टी बटाट्यास बाधक आहेत.

बटाटा हें मूळ नव्हे. जमिनींत वाढणाऱ्या खोडाचें तें फुगलेलें टोंक आहे. त्यास फुगण्यास मोकळी माती लागते. चिकण माती आवळून बसली म्हणजे बटाटे लहान व वेडेवांकडे होतात. भेगा पडल्या म्हणजे त्यांतून उजेड आंत जातो व बटाटे हिरवे पडतात. हिरवा बटाटा कडू व आरोग्यास अपायकारक असतो. त्याच भेगांतून बटाटे पोखरणाऱ्या अळीचा पतंग आंत शिरतो, आणि शेतांत लागलेली कीड पुढें साठवणींत सर्व ढीग खराब करते. म्हणजे भेग ही केवळ मातीची गोष्ट नसून ती थेट शेतकऱ्याच्या पैशाची गोष्ट आहे. कुजलेलें खत जमिनींत मिसळलें म्हणजे चिकण मातीचे कण एकमेकांस घट्ट न चिकटतां त्यांचे रवाळ दाणे बनतात, भेगा कमी पडतात, हवा खेळते. आणि मुरमाड जमिनींत तेंच खत पाणी धरून ठेवतें. हें काम गोणींतलें खत करूं शकत नाहीं. गोणींतलें खत पिकास खाऊं घालतें. शेणखत पिकाबरोबर जमिनीसही खाऊं घालतें.

बटाट्याची भूक

आतां हिशेब पाहूं. एकरीं १० टन बटाटा निघाला, तर तें पीक जमिनींतून सुमारें ५० किलो नत्र, १० ते १२ किलो स्फुरद आणि ७० ते ९० किलो पालाश उचलतें. अवघ्या तीन महिन्यांच्या मुदतींत एवढी उचल करणारीं पिकें फार थोडीं. त्यांतही बटाट्याचीं मुळें उथळ. खोलवरचें अन्न वर ओढण्याची शक्ति त्यांत नाहीं.

चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या एका टनांत साधारण ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद व ५ किलो पालाश असतें. एकरीं १० टन, म्हणजे बैलगाडीची खेप अर्ध्या टनाची धरल्यास २० गाड्या, खत घातलें तर ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद व ५० किलो पालाश जमिनींत पडतें. कागदावर नत्राची जमा व खर्च बरोबर दिसते. परंतु शेणखतांतील नत्र एकदम हातीं येत नाहीं. पहिल्या वर्षीं त्याचा चतुर्थांश ते तृतीयांश भागच पिकास मिळतो. बाकीचा ठेवीप्रमाणें जमिनींत राहतो व पुढील पिकांना क्रमाक्रमानें मिळतो. म्हणून एकरीं १० टनांहून कमी खतावर बटाटा लावणें म्हणजे मुदलाला हात घालणें होय.

आतां १० टन खत जमते कोठून? एक मोठें जनावर दिवसास सुमारें १० किलो ताजें शेण देतें. त्याचें सर्व शेण, अंथरलेला काडीकचरा व मूत जपलें तर वर्षाकांठीं सुमारें ३ टन कुजलेलें खत मिळेल असें धरून चालूं. ज्या घरीं दोन बैल व एक गाय आहे त्याचें वर्षाचें खत झालें ९ टन. त्या शेतकऱ्याची बागायत ४ एकर आहे असें मानूं. त्यानें एक एकर बटाटा लावला तर घरचें सर्व खत त्यांतच संपून शिवाय कमी पडतें, आणि उरलेले तीन एकर कोरडे राहतात. त्यानें अर्धा एकर लावला तर ५ टनांत भागतें आणि ४ टन इतर पिकांस राहतात. बटाट्याचा तुकडा दरवर्षीं बदलत गेल्यास आठ वर्षांत चारही एकरांवरून भरपूर खताची एक फेरी पुरी होते, व एकाच जागीं बटाट्यावर बटाटा घेतल्यानें वाढणाऱ्या रोगांसही आळा बसतो. आमच्या मतें आपल्या जिल्ह्यांतील सामान्य शेतकऱ्यास हेंच प्रमाण योग्य आहे.

खत कां कमी पडतें

शेतकऱ्यास खताची किंमत कळत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडांतील शेतकी रसायनशास्त्रज्ञ १८८९ सालीं सरकारच्या सांगण्यावरून या देशांत आले व गांवोगांव हिंडले. त्यांचा अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, येथील शेतकरी शेण जाळतो तें अज्ञानामुळें नव्हे, तर त्यास दुसरें सरपण मिळत नाहीं म्हणून. सरपणाची झाडें वाढवा म्हणजे शेण शेतांत जाईल, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यास आतां सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं. पुढें गोबरगॅस आला, व त्यानें शेणाचा जाळ आणि शेणाचें खत हीं दोन्ही एकाच शेणांतून मिळवून दिलीं, कारण गॅस निघून गेल्यावरही राळ्यांत नत्र शिल्लक राहतें. स्वयंपाकाच्या गॅसचीं नळकांडीं घरोघर पोंचलीं. तरीही खताचा तुटवडा मिटला नाहीं. कारण तोंपर्यंत दावणीच रिकाम्या होऊं लागल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळांत व त्यानंतरच्या अवर्षणांत चाऱ्यावांचून गुरें विकलीं गेलीं, आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरजही कमी झाली.

जीं गुरें आहेत त्यांचें खतही अर्धेंमुर्धें वाया जातें. जनावराच्या शरीरांतून बाहेर पडणाऱ्या नत्राचा जवळजवळ अर्धा भाग व पालाशाचा बराच मोठा भाग मुतांत असतो. गोठ्याची जमीन फरसबंद नसेल तर तो जमिनींत मुरतो, आणि फरसबंद असेल तर मोरीवाटें वाहून जातो. गोठ्यांत सुकी माती, भुसकट किंवा उसाचें पाचट अंथरून तें दर चार-आठ दिवसांनीं उकिरड्यावर ओढलें, तर पदरचा एक पैसा न घालतां खताचा कस वाढतो. त्याचप्रमाणें उघड्या उकिरड्यावर चार महिने ऊन व चार महिने पाऊस पडला म्हणजे त्यांतील सत्त्व उडून व वाहून जातें. खड्डा, वर मातीचा थर आणि शक्य तर झाडाची सावली, एवढें तरी करावेंच. चुलीची राख शेणांत मिसळूं नये. तिच्यामुळें नत्र वायुरूपानें निघून जातें. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींतही राख बेताचीच द्यावी.

थोड्या शेणांत पुष्कळ खत

ज्याच्याकडे गुरें थोडीं आहेत त्यानें शेणाकडे विरजणाच्या दृष्टीनें पाहावें. दूध पातेलेंभर असलें तरी विरजण चमचाभर पुरतें. तसा काडीकचरा गाडीभर असला तरी तो कुजविण्यास शेण थोडें पुरतें. इंदूर येथें सर आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं हीच गोष्ट शास्त्रीय रीतीनें सिद्ध करून १९३१ सालीं ग्रंथरूपानें मांडली. पिकांचे अवशेष, शेण, मुतानें भिजलेली माती व थोडी राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची, ढीग मधून मधून उलथावयाचा, म्हणजे सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. ढीग उलथण्यास मनुष्यबळ लागतें हा एक दोष. तो टाळणारी रीत यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनीं काढली. ती त्यांच्या आद्याक्षरांवरून नाडेप या नांवानें देशभर गेली. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असें विटांचें टांकें, ज्याच्या भिंतींस हवेसाठीं झरोके ठेविलेले असतात, तें एकदां बांधावें. त्यांत सुमारें १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण व १७०० किलोंच्या आसपास चाळलेली कोरडी माती यांचे थर देऊन दीड-दोन हजार लीटर पाणी शिंपडावें व वरून शेणमातीनें लिंपून टाकावें. साडेतीन ते चार महिन्यांत सुमारें ३ टन खत मिळतें. यांत मातीचा भाग मोठा असल्यामुळें आपल्या हिशेबांत तें निम्मेंच धरावें. तरीदेखील वर्षांतून दोन वेळां टांकें भरणाऱ्यास तीन टन शेणखताची भर पडते, म्हणजे एका जनावराइतकी.

दुसरा उपाय तागाचा. रब्बी बटाट्याचें शेत पावसाळ्यांत मोकळेंच असतें. जूनमध्यें पहिल्या पावसावर एकरीं २० ते २५ किलो तागाचें बीं पेरावें आणि सहा-सात आठवड्यांनीं, फुलावर येतांच, नांगरानें गाडावें. पाऊस साधला तर एकरीं सहा टनांपर्यंत हिरवा पाला जमिनींत जातो व त्यांतून २५ किलोंच्या आसपास नत्र मिळतें. याखेरीज आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचें गाळप १९५० सालीं सुरू झालें, आणि पुढें जिल्ह्यांत अनेक कारखाने निघाले. गाळलेल्या उसाच्या शेंकडा तीन-चार भाग मळी निघते. ती स्फुरदानें समृद्ध असते. मात्र ताजी मळी तापते, म्हणून ती कुजवूनच वापरावी.

हिवरे बाजारचा ताळेबंद

खताचा हिशेब मांडा असें म्हटलें म्हणजे कित्येकांस तें पुस्तकी वाटतें. त्यांनीं नगर तालुक्यांतील हिवरे बाजारकडे पाहावें. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार तेथें सरपंच झाले, त्या वेळीं हें अवर्षणाचें गांव ओसाड होऊं लागलें होतें. गांवानें डोंगरउतारावर चर खणले, झाडें लावलीं, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली आणि शेतीच्या पाण्यासाठीं विंधनविहिरी घेण्यास मनाई केली. तेथील ग्रामसभा दरवर्षीं पडलेला पाऊस व जमिनींतील पाणी मोजते आणि त्यावरून त्या वर्षीं कोणतीं पिकें घ्यावयाचीं हें ठरविते. पाण्याचा हा ताळेबंद सर्वांच्या तोंडीं आहे. पण त्याच व्यवस्थेंतून खताचाही प्रश्न सुटला, याकडे लक्ष कमी जातें. गुरें मोकाट चरणें बंद झालें तेव्हां डोंगरावर गवत वाढलें. तें विळ्यानें कापून आणण्याची मुभा मिळाली. गवतामुळें दुभतीं जनावरें वाढलीं, आणि गांवाचें दूध पूर्वीं दिवसास दीडशें लीटरांच्या आसपास होतें तें पुढें हजारों लीटरांवर गेलें. जेथें दूध वाढतें तेथें शेणही वाढतें, आणि जनावर दावणीस बांधलेलें असल्यामुळें तें शेण रानांत न सांडतां उकिरड्यावर येतें. कांदा व बटाटा यांसारखीं पिकें घेण्याची ऐपत त्या गांवास पाण्याबरोबर या खतानेंही दिली आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. गांव नमुना बारामध्यें पिकाचें नांव, त्याखालील क्षेत्र व पाण्याचें साधन या सर्वांस रकाना आहे. २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून ही पीकपाहणी नोंदवूं लागला आहे. परंतु खतास त्यांत रकाना नाहीं. सरकारी दप्तरांत नसला तरी तो प्रत्येकानें घरच्या वहींत घालावा. कोणत्या तुकड्यास, कोणत्या वर्षीं, किती गाड्या खत पडलें, एवढी एकच ओळ पुरे. पांच-सहा वर्षांनीं ती वही पाहिली तर कोणता तुकडा उपाशी आहे हें विचारण्यास दुसऱ्या कोणाकडे जावें लागणार नाहीं.

लागवडीचा क्रम

जमीन निचऱ्याची निवडावी. खारवट व चोपण जमीन वर्ज्य. ताग गाडल्यावर तो कुजण्यास दीड-दोन महिने जाऊं द्यावे. शेवटच्या कुळवणीच्या वेळीं शेणखत पसरून मातींत मिसळावें. खत पुरें कुजलेलेंच पाहिजे. कच्च्या शेणाबरोबर हुमणी शेतांत येते, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनींत कच्च्या खतानें बटाट्याच्या सालीवर खरजेसारखे डाग पडतात व बाजारांत भाव उतरतो. मुठींत दाबलें असतां ज्यास शेणाचा वास न येतां पावसाच्या मातीचा वास येतो तें खत तयार झालें असें समजावें.

लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी, कारण बटाटे धरण्यास थंडी लागते. माती फार तापली म्हणजे झाड हिरवें दिसतें पण खालीं बटाटा पोसत नाहीं. एकरीं सहा ते आठ क्विंटल निरोगी बेणें लागतें. महिन्याभरानें भर देतांना निंबोळी पेंड ओळींतून द्यावी. शंभर किलो पेंडींत सुमारें ५ किलो नत्र मिळतें. पाणी थोडें थोडें पण वेळच्या वेळीं द्यावें, आणि काढणीपूर्वीं आठ-दहा दिवस तोडावें. भर चांगली दिली व भेगा पडूं दिल्या नाहींत, तर पोखरणाऱ्या अळीचा निम्मा बंदोबस्त तेथेंच होतो. बटाट्यामागून त्याच तुकड्यांत उन्हाळी भुईमूग अगर पुढील पावसाळ्यांत बाजरी घ्यावी. ठेवीचें व्याज या पिकांस मिळतें.

खताच्या मर्यादा

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सेंद्रिय खत हें सर्व दुखण्यांवरचें औषध नव्हे. ढगाळ, दमट हवेंत येणारा करपा शेणखतानें टळत नाहीं. याच रोगानें १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडालें व भयंकर दुष्काळ पडला. बांगडी रोगानें झाडें वाळत असतील तर तेथें बटाटा, टोमॅटो, वांगीं व मिरची हीं एका कुळांतलीं पिकें कांहीं वर्षें घेऊं नयेत, आणि सडलेले बटाटे उकिरड्यावर मुळींच टाकूं नयेत. नाहींतर खताबरोबर रोगही साऱ्या रानांत पसरतो. तसेंच पहिल्या एक-दोन वर्षांत केवळ शेणखतावर गोणीइतका उतारा मिळेल असें वचन आम्ही देत नाहीं. १० टन शेणखत व ताग यांनीं नत्राची बरीचशी गरज भागते, पण पालाश व कांहीं नत्र कमी पडण्याचा संभव राहतो. माती तपासून घ्यावी, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या शिफारशीस अनुसरून जेवढी तूट असेल तेवढीच गोणींतून भरावी. तूट गोणीनें भरावी. पाया गोणीवर घालूं नये.

पाया किती काळ टिकतो याचें एक उदाहरण इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील प्रयोगशेतांत आहे. तेथें बार्लीच्या शेतांतील एका भागास १८५२ ते १८७१ अशीं वीस वर्षें दरसाल शेणखत देऊन पुढें तें कायमचें बंद केलें. शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावरही त्या मातींत, कधींच खत न दिलेल्या शेजारच्या मातीहून अधिक सेंद्रिय द्रव्य आढळलें. आपल्या कडक उन्हांत खत लवकर जिरतें, म्हणून एवढी मुदत येथें मिळणार नाहीं. आपणांस ठेव वारंवार भरावी लागेल. परंतु तत्त्व तेंच आहे. बापानें घातलेलें खत मुलाच्या पिकास लागू पडतें, आणि बापानें उपसलेला कस मुलास भरून काढावा लागतो.

बेण्यासाठीं व गोण्यांसाठीं कर्ज काढून दोन एकर बटाटा लावणाऱ्याचें एखादें साल साधतें. पण भाव पडला म्हणजे कर्ज शिल्लक राहतें व जमीनही उतरलेली असते. घरच्या खतावर अर्धा एकर लावणाऱ्याचें भावानें नुकसान झालें तरी त्याची जमीन पूर्वींपेक्षां बरीच राहते, व पुढचें पीक त्यास हात देतें. सभासद बंधूंनीं येत्या ज्येष्ठांत तागाचें बीं घरांत आणावें, पावसाळ्यापूर्वीं खड्डा झांकावा, आणि दसऱ्याच्या सुमारास उकिरड्याच्या गाड्या मोजून मगच बेण्याची मागणी नोंदवावी, एवढीच आमची विनंती आहे.